प्रिडेटरमधल्या बंदुका : जंगलात कोण काय घेऊन शिरलं?

दुनळी (धागाकर्ता)

१९८७ च्या 'प्रिडेटर'वर गप्पा निघाल्या की गाडी एक तर त्या परग्रहवाल्याच्या जबड्यावर अडते, नाहीतर आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या दंडांवर. बंदुकांबद्दल दोन वाक्यांपलीकडे कुणी जात नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा. पुढे सगळी कथा फुटणार आहे, तेव्हा न पाहिलेल्यांनी इथूनच मागे फिरावं.

जॉन मॅकटिअर्ननच्या या चित्रपटात सात जण मध्य अमेरिकेतल्या जंगलात उतरतात (चित्रीकरण मेक्सिकोतलं) आणि जवळपास प्रत्येकाच्या हातात वेगळं हत्यार असतं. डचकडे, म्हणजे आर्नोल्डकडे, एम-१६ रायफल आणि तिच्या नळीखाली एम-२०३ हा ४० मिमीचा ग्रेनेड लाँचर. रेडिओवाल्या हॉकिन्सकडे एम-१६. माग काढणाऱ्या बिलीकडेही एम-१६, पण खाली लाँचरऐवजी मॉसबर्ग शॉटगन जोडलेली. डिलन आणि पोंचोकडे एमपी-५, ९ मिमीची आटोपशीर सबमशीनगन. पोंचोकडे शिवाय एमएम-१, बारा ग्रेनेड बसणारं फिरतं पिंप असलेला लाँचर. मॅककडे एम-६० मशीनगन. आणि ब्लेनकडे अर्थातच मिनिगन.

आता दारूगोळा मोजा. ५.५६, ७.६२, ९ मिमी, बारा बोअर आणि ४० मिमीचे ग्रेनेड. सात माणसं, पाच प्रकार! खऱ्या तुकडीचा प्रमुख हे पाहून डोक्याला हात लावेल. लांबच्या गस्तीवर एकाचं मॅगझिन संपलं तर शेजाऱ्याचं चाललं पाहिजे, हा पहिला नियम. इथे डिलनची काडतुसं संपली तर पोंचो सोडून त्याला विचारणारं कुणी नाही. त्यातल्या त्यात मॅक आणि ब्लेन शहाणे: दोघांच्या बंदुका ७.६२ च्या, आणि गोळ्या गुंफणाऱ्या पट्ट्याच्या कड्याही एकाच जातीच्या. ही जोडी मुद्दाम विचार करून लावली की योगायोगानं लागली, देव जाणे.

माझं म्हणणं एवढंच: यातली शस्त्रं सैनिकी हिशोबानं निवडलेली नाहीत, तरीही बंदुकीला जंगलात काय मर्यादा येतात हे हा चित्रपट भल्याभल्या युद्धपटांपेक्षा नीट दाखवतो. या, भांडा.

फुसकाबार

पहिला! आता वाचतो.

निशाचर

छान धागा दुनळीसाहेब. लहानपणापासूनचा प्रश्न विचारून घेतो: मिनिगन खरंच अशी हातात धरून चालवता येते का? मित्रांत यावरून हाणामाऱ्या व्हायच्या बाकी होत्या.

दुनळी

नाही. आणि 'आर्नोल्डसारखा पैलवान असेल तर जमेल' हेही नाही.

एम-१३४, म्हणजे ही मिनिगन, जनरल इलेक्ट्रिकनं १९६० च्या दशकात व्हिएतनाममधल्या हेलिकॉप्टरांसाठी बनवलेली बंदूक. सहा नळ्या, विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या. कल्पना रिचर्ड गॅटलिंगच्या १८६२ च्या पेटंटची, फक्त हातानं फिरवायच्या दांडीऐवजी मोटर. वेग मिनिटाला २००० ते ६००० गोळ्या. त्या काळातल्या बंदुकीचं नुसतं वजन साधारण ३९ किलो. पट्ट्यातल्या हजार गोळ्यांचे आणखी ३० किलो. शिवाय बॅटरी.

आता ३००० चा वेग धरा. सेकंदाला ५० गोळ्या. म्हणजे पाठीवर मारून मुटकून वागवलेले ते हजार राउंड २० सेकंदांत खलास! त्यानंतर तुम्ही ३९ किलोचं लोखंड घेऊन डोंगर चढताय.

धक्क्याचाही हिशोब करू. ७.६२ ची गोळी साडेनऊ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८४० मीटर. तिच्याबरोबर जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो. दोन्ही धरून सेकंदाला ५० वेळा तो धक्का बसला, तर हातावर ५५-६० किलोंचा सततचा रेटा येतो. ६००० ला दुप्पट. सुटा धक्का माणूस खांद्यावर पचवतो, सततचा रेटा पाय उखडतो. दोन्ही पाय फाकवून, ओणवं होऊन उभं राहिलं तरी नळी हवी तिथे ठेवणं अशक्य.

बॅटरीसंपली

माझ्या आयडीची लाज राखण्यासाठी विजेबद्दल लिहितो.

चित्रपटातल्या मिनिगनला वीज कॅमेऱ्याबाहेरून दिलेली होती, केबल अभिनेत्याच्या कपड्यांतून लपवून. त्यामुळे ब्लेनचं काम करणारा जेसी व्हेंचुरा फार लांब पळताना दिसत नाही, हे लक्ष देऊन पाहा. फिरण्याचा वेगही खऱ्यापेक्षा बराच कमी ठेवला होता. गोळ्या अर्थातच ब्लँक, म्हणजे नुसती दारू, पुढे शिसं नाही. शिसं नाही म्हणजे दुनळींनी काढलेल्या रेट्यातला मोठा हिस्सा गायब, आणि म्हणून ती हातात राहिली.

एक तांत्रिक गंमत. एम-१६ किंवा एम-६० सारखी वायूच्या दाबावर चालणारी बंदूक ब्लँकवर आपोआप चालत नाही. पुढे गोळी नसल्यानं नळीत दाब धरून राहत नाही आणि पुढचं काडतूस भरलं जात नाही. म्हणून नळीचं तोंड आतून अरुंद करावं लागतं. सैन्यात सरावाला यासाठी तोंडावर ठळक रंगाचा ठोकळा लावतात. सिनेमात तो दिसू नये म्हणून नळीच्या आत बसवतात. मिनिगनला हे काहीच लागत नाही, कारण तिचं सगळं रहाटगाडगं मोटर ओढते. काडतूस पेटलं काय, न पेटलं काय, ती ते बाहेर फेकून पुढचं घेते. अख्ख्या चित्रपटातलं सगळ्यात अवाढव्य हत्यार ब्लँकच्या बाबतीत सगळ्यात कमी किरकिरीचं!

फुसकाबार

आता मला माझी आयडी बदलावी लागणार.

सांजवात

दुनळी, दारूगोळ्याचा हिशोब आवडला, पण तुम्ही पटकथेला उगाच सैन्यशिस्तीच्या तराजूत घालताय. सात जण, सगळे चिखलात माखलेले, सगळे हिरव्या कपड्यांत, अर्धा वेळ पानांच्या आड. दूरच्या दृश्यात त्यांना ओळखायचं कसं? हत्यारावरून. ब्लेन दणकट, बढाईखोर, तोंडात तंबाखू, म्हणून त्याला मिनिगन. डिलन सीआयएचा, टेबलावरून उठून आलेला, त्याच्याकडे आटोपशीर एमपी-५. बिली जंगल वाचणारा, त्याच्याकडे जवळच्या माऱ्याची शॉटगन. ही पात्रयोजना आहे. आणि नंतर तीच हत्यारं एकेक करून निकामी होतात तेव्हा आपल्याला माणूस गेल्यासारखं वाटतं.

डिलनचा शेवट आठवा. हात तुटून खाली पडलाय आणि त्या तुटक्या हातातली एमपी-५ अजून झाडतेय, कारण बोट चापावर आवळलेलं आहे. दोन सेकंदांचं दृश्य असेल. बंदूक चालू, माणूस संपलेला. मला तर त्या एका चित्रात अख्खा चित्रपट दिसतो.

दुनळी

ताई, भांडायला बोलावलं आणि तुम्ही माझीच बाजू माझ्यापेक्षा बरी मांडली.

नळीभर_प्रेम

एमपी-५ चा विषय निघालाच आहे तर: त्या खऱ्या एमपी-५ नाहीत. १९६८ च्या कायद्यानंतर परदेशी मशीनगन अमेरिकेत आणून खुल्या बाजारात विकता येत नसत. त्यामुळे हॉलिवूडचे आर्मरर, म्हणजे चित्रपटांना बंदुका पुरवणारे, हेकलर अँड कॉखची एचके-९४ घेत. ही नागरिकांसाठीची, चाप ओढेल तशी एकेक गोळी झाडणारी, १६ इंच नळीची. परवाना असलेला आर्मरर तिची नळी कापायचा, आतली यंत्रणा बदलून ती सलग झाडणारी करायचा, की झाली एमपी-५. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक ॲक्शनपटांत हेच आहे.

ओळखायची खूण सांगतो. अस्सल एमपी-५ च्या नळीच्या टोकाजवळ तीन छोटे उंचवटे असतात, सायलेन्सर वगैरे अडकवायला. कापलेल्या एचके-९४ ची नळी तिथे सपाट गुळगुळीत. एकदा ही खूण कळली की चित्रपट बघायची मजा जाते, आधीच सांगून ठेवतो. बायको म्हणते, तू माणसांचे चेहरे कधी बघतोस?

निशाचर

वहिनींना नमस्कार सांगा.

एम-२०३ बद्दल कुणी लिहील का? डच तो लाँचर असा वापरतो की जणू खिशातून काढून फेकतोय.

रानभूल

लिहितो. एम-२०३ हा एकच ग्रेनेड बसणारा लाँचर, वजन जेमतेम दीड किलो. नळी पुढे सरकवायची, रिकामं टरफल पडतं, नवा घालायचा, मागे ओढायची. ग्रेनेड सेकंदाला साधारण ७६ मीटरनं जातो, म्हणजे गोळीच्या मानानं रमतगमत. शंभर मीटरवरच्या झोपडीपर्यंत पोहोचायला सव्वा-दीड सेकंद. चित्रपटात दाबलं की धडाम. स्फोट आधीच पेरून ठेवलेले असल्यावर दुसरं काय होणार.

पण जंगलाच्या दृष्टीनं खरी अडचण वेगळी. झाडणाऱ्याच्याच पायाशी फुटू नये म्हणून हा ग्रेनेड काही अंतर फिरत गेल्याशिवाय जागा होत नाही. किमान १४ मीटर, प्रकारानुसार जास्तही. दाट जंगलात शत्रू दहा पावलांवर दिसतो. तिथे झाडलात तर ग्रेनेड नुसता दगडासारखा जाऊन लागणार. शिवाय वाटेत फांदीला आपटून भलतीकडे जाण्याची भीती वेगळीच. म्हणून ४० मिमीमध्ये छर्र्यांचं काडतूसही काढलं, लाँचरचीच शॉटगन करून टाकणारं. डचकडे ते असायला हवं होतं.

रानभूल

दुनळींच्या मूळ मुद्द्याला धरून आणखी थोडं. बिलीची शॉटगन हे या सातांमधलं सगळ्यात जंगली शहाणपण. मलायात १९४८ ते १९६० चाललेल्या संघर्षात ब्रिटिशांनी गस्तीच्या सगळ्यात पुढच्या माणसाला शॉटगन दिल्या, ब्राउनिंगच्या आणि रेमिंग्टनच्या. कारण साधं: पायवाटेवर वळणापलीकडून माणूस अवचित समोर येतो, नेम धरायला वेळ नसतो, अंतर पंधरा-वीस मीटर. रायफलची ४०० मीटरची ताकद तिथे झाडाच्या पहिल्या बुंध्याशी संपते.

त्याआधी ब्रिटिशांनीच ली-एनफील्ड कापून-छाटून १९४४ पासून नंबर ५ रायफल काढली, जिला सगळे जंगल कार्बाइन म्हणतात. हलकी आणि आखूड, वेलींत अडकत नाही, सगळं बरोबर. पण ताकद तीच .३०३ ची, त्यामुळे खांदा सुजायचा. नळी आखूड म्हणून भडका मोठा, तो झाकायला टोकाला नरसाळं. वर तिचा नेम आज इथे, उद्या तिथे सरकतो अशी तक्रार कायम. हलकं हत्यार हवं आणि तडाखाही हवा म्हटलं की असं होतं. ब्लेनचं मात्र उलटं: तडाखा पुरेपूर, बाकी सगळं पाठीवर.

दुनळी

रानभूल, ओल्या जंगलात एम-१६ चं काय व्हायचं तेही लिहा ना. तुमचा आवडता विषय आहे.

रानभूल

आवडता नाही, रडका विषय आहे.

व्हिएतनाममध्ये एम-१६ सुरुवातीला गेली तेव्हा ती फारशी साफ करावी लागत नाही असा बोलबाला होता, आणि साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलं नव्हतं. त्यातच काडतुसातली दारू बदलली. नव्या दारूनं काजळी जास्त धरली आणि बंदुकीचा वेगही वाढला. काडतूस बसण्याच्या खोबणीला क्रोमचा मुलामा नव्हता, दमट हवेत ती गंजायची. परिणाम: गोळी झाडली, टरफल आतच अडकलं. मग नळीत पुढून गज घालून ते ठोकून काढायचं, समोरून मारा चालू असताना! सैनिक मेले यात. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं चौकशी करून कडक ताशेरे मारले. पुढच्या एम-१६ए१ मध्ये खोबणीला क्रोम आला, सफाईची साधनं आली आणि बंदूक सुधारली. पण बदनामी पिढीभर टिकली.

दोन बारकावे मला फार आवडतात. पहिल्या एम-१६ च्या तोंडावर तीन पाकळ्यांचा, पुढून उघडा भाग होता. तो वेली-गवतात अडकायचा. म्हणून नंतर तो पुढून बंद केलेला पिंजरा झाला.

दुसरा पाण्याचा. ५.५६ ची नळी इतकी बारीक की नदी ओलांडल्यावर आत शिरलेलं पाणी आपोआप गळून पडत नाही, केशाकर्षणानं तिथेच धरून राहतं. तसंच झाडलं तर नळी फुगू शकते, फुटूही शकते. म्हणून शिकवणच अशी: तोंड जमिनीकडे, मागची खीळ थोडी ओढून धरायची म्हणजे मागून हवा शिरते आणि पाणी सुटतं. मगच पुढे चालायचं. आता चित्रपटात ही मंडळी किती वेळा पाण्यातून येतात ते बघा आणि कुणी एकदा तरी हे करतं का, तेही.

पुस्तकी_शिकारी

पूर्ण धागा वाचला, मस्त चाललाय. एक शंका: एम-१६ ची गोळी हलकी, साडेतीन ग्रॅमची, त्यामुळे पानाला लागली तरी वळते, आणि ७.६२ झाडी चिरत जाते, असं सगळीकडे वाचतो. मग मॅकनं एम-६० घेणं योग्यच नाही का?

दुनळी

निम्मं खरं. नुसत्या पानानं कुठलीच गोळी फारशी वळत नाही. काडीनं, फांदीनं मात्र सगळ्या वळतात, जड असो की हलकी. शिकाऱ्यांनी फांद्यांचे अडसर उभे करून पुन्हा पुन्हा तपासलंय, आणि 'झाडी फोडणारी गोळी' म्हणून ज्यांची ख्याती होती त्याही भरकटल्या. फरक कशानं पडतो? काडी आणि सावज यांत अंतर किती, यानं. काडी सावजाला चिकटून असेल तर काही बिघडत नाही. काडी तुमच्या नळीजवळ आणि सावज ५० मीटरवर, तर गोळी कुठे जाईल ते गोळीलाही ठाऊक नाही.

७.६२ चा खरा फायदा आडोसा भेदण्यात. बारीक खोडामागे लपलेल्याला ती खोडातून गाठते, ५.५६ त्या मानानं कमी पडते, ९ मिमी तर अगदीच. त्यामुळे मॅकची निवड योग्य, पण साडेदहा किलोची बंदूक आणि गळ्यात पट्टे हे ओझं धरून. तो गळ्यातला पट्टा फोटोत भारी दिसतो. जंगलात त्यात पानं, माती, काड्या शिरतात आणि बंदूक अडते. जाणते लोक पट्टे पिशवीत ठेवायचे.

सांजवात

आता त्या दृश्याबद्दल बोलूया का? ज्यासाठी खरं तर सगळे इथे आलेत.

ब्लेन मरतो. मॅक धावत येतो, झाडीत काहीतरी चमकताना दिसतं. तो एम-६० पूर्ण रिकामी करतो, ती टाकतो, ब्लेनची मिनिगन उचलतो आणि झाडायला लागतो. बाकीचे येतात, काय दिसलं हे न विचारता रांगेत उभे राहून आपापलं हत्यार त्याच दिशेला रिकामं करतात. पोंचोचे ग्रेनेड, डचचा लाँचर, सगळं. झाडं उभी कापली जातात. शेवटी मिनिगनमधल्या गोळ्या संपतात तरी मॅकचं बोट सुटत नाही, रिकाम्या नळ्या नुसत्या फिरत राहतात.

आणि मग शोध घेतात तर काही नाही. ना प्रेत, ना माग. एका पानावर थोडं हिरवट चमकणारं रक्त, तेही त्यांना नाही, कैदी ॲनाला दिसतं. पाचही प्रकारचा दारूगोळा एका दिशेला ओतून हाती काय, तर एक डाग.

दिग्दर्शकानं हे ठरवूनच केलंय असं मला वाटतं. प्रेक्षक ज्यासाठी तिकीट काढून आला ते त्याला पोटभर द्यायचं आणि लगेच त्याची किंमत शून्य करून दाखवायची.

नळीभर_प्रेम

सहमत नाही, ताई. त्या रक्ताच्या डागामुळेच डचला कळतं की हा प्राणी जखमी होतो, म्हणजे मरूही शकतो. पुढची सगळी रचना त्या डागावर उभी आहे. गोळीबार फुकट गेला असं कसं म्हणता?

सांजवात

एका डागासाठी अख्खा डोंगर भादरला, याला तुम्ही नेमबाजी म्हणणार?

नळीभर_प्रेम

नेमबाजी नाही, दबावाचा मारा. व्हिएतनाममध्ये अमेरिकी तुकड्या अचानक गाठ पडली की हेच करायच्या: सगळ्यांनी एकदम, जास्तीत जास्त, मग माघार. समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नाही. मारणं हा दुय्यम हेतू. ब्लेनची भूमिका करणारा व्हेंचुरा स्वतः नौदलाच्या पाण्याखाली पोहून काम करणाऱ्या पथकात होता, पोंचोची भूमिका करणारा रिचर्ड चावेझ व्हिएतनामला जाऊन आलेला. सेटवर याची जाण असलेली माणसं होती.

दुनळी

दबावाच्या माऱ्यात पुढचा भाग माघारीचा असतो, आणि ही मंडळी तिथेच रात्र काढतात. तुमची युक्ती बरोबर, त्यांची नाही.

सांजवातताईंच्या बाजूनं एक पुरावा देतो. त्या दृश्यानंतर मिनिगन कथेतून बाद. आणि मग बंदुका ओळीनं हरतात: मॅक आणि डिलन आपल्या बंदुका हातात असताना मरतात. बिली ओंडक्याच्या पुलावर आपलं हत्यार स्वतःहून फेकून देतो आणि सुरा काढतो. हॉकिन्सला तर वापरायची संधीच मिळत नाही. शेवटी डचकडे उरतो चिखल, धनुष्य, भाला, उरलेल्या दारूचे बाण आणि एक ओंडका. परग्रहवाल्याला जमिनीवर आणतो तो ओंडका. बंदूक नाही.

फुसकाबार

म्हणजे गुरुत्वाकर्षण १, दारूगोळा ०.

बाकी जंगलात बंदूक कामाला येत नाही ही चित्रपटांची जुनी खोड आहे. 'जुरासिक पार्क'मधला तो शिकारी मल्डून आठवा. फ्रँकीची स्पास-१२ घेऊन झाडीत शिरतो, सावकाश दस्ता उलगडतो, टोपी काढतो, नेम धरतो, आणि शेजारच्या पानांतून दुसरीच रॅप्टर येते.

पुस्तकी_शिकारी

आणि त्याच्या पुढच्या भागात, १९९७ च्या, रोलंड टेंबोकडे .६०० नायट्रो एक्सप्रेसची दुनळी! हत्ती पाडायची बंदूक, ५८ ग्रॅमची गोळी. एम-१६ च्या सोळा गोळ्यांएवढं शिसं एका बारात. दुनळी का, तर दोन नळ्यांना दोन स्वतंत्र कळा. एक फुसकी निघाली तरी दुसरी तयार, मध्ये खीळ ओढत बसायला नको. चवताळलेला प्राणी दहा मीटरवर असताना तेवढाच वेळ असतो. एवढी तयारी करून आलेल्या माणसाच्या गोळ्या आपल्यातलाच एक जण पळवतो आणि त्याला बेशुद्धीच्या इंजेक्शनवर भागवावं लागतं.

(धागाकर्त्यांनी आयडी कुठून घेतली ते आता कळलं.)

वाचनमात्र

नेहमी नुसती वाचते, आज विचारते. ब्लँक असतील तर त्या सुरक्षित ना? मग चित्रीकरणात माणसं मेल्याच्या बातम्या येतात त्या कशा?

बॅटरीसंपली

सुरक्षित अजिबात नाहीत. ब्लँकमध्ये दारू खरी असते, जवळून तिचा वायूच गोळीचं काम करतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अभिनेत्यानं सेटवर गमतीत ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून झाडलं आणि त्यात तो गेला. १९९३ मध्ये ब्रँडन लीच्या बाबतीत आधीच्या दृश्यासाठी वापरलेल्या दिखाऊ काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. नंतर त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक झाडलं, त्या दाबानं ती बाहेर पडली. २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर तर खरीच गोळी भरलेली निघाली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेल्या.

त्यानंतर अनेकांनी ब्लँक सोडूनच दिल्या. खेळण्यातल्या हवेच्या बंदुका आणि भडका नंतर संगणकावर रंगवायचा. पण फरक दिसतो हो. खऱ्या ब्लँकला माणूस डोळे मिचकावतो, पानं हलतात, धूर रेंगाळतो.

'प्रिडेटर'मध्ये एक मजेची गोष्ट बघा: नळीच्या तोंडचा भडका काही फ्रेममध्ये दिसतो, काहींत नाही. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, पण प्रत्येक चित्रासाठी पडदा साधारण निम्मा वेळच उघडा असतो. भडका काही मिलिसेकंदांचा. पडदा बंद असताना झाला तर फिल्मवर येतच नाही. संगणकावर रंगवणारे मात्र दर गोळीला भडका देतात, म्हणून ते खोटं वाटतं.

वाचनमात्र

धन्यवाद! इतकं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. आता लिहीत जाईन.

निशाचर

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. ती मिनिगन पुढे कुठे गेली?

नळीभर_प्रेम

तीच बंदूक चार वर्षांनी, १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मध्ये आर्नोल्डच्याच हातात आहे. इमारतीच्या खिडकीतून पोलिसांच्या गाड्यांची चाळण करतो ते दृश्य. एकही माणूस मरत नाही, तसं वचनच दिलेलं असतं त्यानं.

फुसकाबार

थांबा. म्हणजे दोन चित्रपट, हजारो गोळ्या, आणि या बंदुकीनं कुणालाच मारलं नाही?

दुनळी

असं नाही. सुरुवातीच्या छावणीवरच्या हल्ल्यात ब्लेन तिनं बरेच बंडखोर लोळवतो. मधल्या गोळीबारामुळे तो भाग सगळे विसरतात. पुन्हा लावून बघा, आणि बघताना मिनिगनऐवजी त्याच्या पाठीवरची गोळ्यांची पेटी मोजा. त्यात हजार राउंड मावतात की नाही यावर मला वेगळा वाद घालायचाय.